रिकामी खुर्ची कुणाची? घरातले मोठे प्रसंग आणि ज्यू मुलांची चित्रपुस्तकं

प्रश्न ठाण्याच्या एका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, आईचा आहे. मुलगी साडेचार वर्षांची, दुसरं बाळ दोन महिन्यांत यायचंय, सासरे गेल्या वर्षी वारले. नणंद इस्रायलमध्ये अश्दोदला असते आणि ज्यू मुलांसाठीची इंग्रजी, हिब्रू चित्रपुस्तकं पाठवत असते. त्या लिहितात, "पुस्तकं सुंदर आहेत, पण सगळीकडे बर्फ, काळे कोट, पांढऱ्या दाढीचे आजोबा. परवा लेकीने विचारलं, मम्मी, हे आपल्यासारखे ज्यू आहेत का? सुंता, बारसं, लग्न, मरण, या प्रसंगांसाठी तिला कोणती पुस्तकं दाखवू? आपल्या घरासारखं काही हवं असेल तर ते घरी करता येईल का?"

लेकीला आधी सांगून टाका की हो, आपल्यासारखेच आहेत, त्यांच्या गावाला थंडी फार म्हणून कोट घालतात. साडेचार वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. पुढचं उत्तर तुमच्यासाठी आहे आणि ते जरा लांबणार आहे. सव्वीस वर्षं मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते आहे, माहेर रायगडचं, आडनाव 'कर'वर संपणारं. म्हणजे हा प्रश्न माझ्याही घरात विचारला गेलेला आहे.

तो बर्फ येतो कुठून, ते आधी. नणंद पाठवते त्या इंग्रजी पुस्तकांतली बहुतेक अमेरिकेत तयार होतात, आणि तिथल्या ज्यूंचे आजोबा-पणजोबा बहुतांशी पूर्व युरोपातून आलेले. १९७५ मध्ये मेरीलँडमधल्या दोघी जणींनी मुलांसाठी ज्यू पुस्तकं काढायला स्वतःच सुरुवात केली आणि प्रकाशनाला आपापल्या धाकट्या मुलांची नावं जोडून नाव दिलं: कॅरन आणि बेंजामिन, म्हणून 'कार-बेन'. २००५ पासून अमेरिकेतल्याच एका प्रतिष्ठानाच्या 'पीजे लायब्ररी'मार्फत घरोघरी फुकट पुस्तकं जायला लागली. पीजे म्हणजे पायजमा. रात्री झोपायचे कपडे घालून आईबापांच्या कुशीत वाचायची पुस्तकं. इस्रायलमध्ये त्याचंच 'सिफ्रियात पिजामा' झालं. इतकी पुस्तकं लागायला लागली तेव्हा लिहिणारे आणि चित्रं काढणारे आपलंच घर आठवून काढणार ना? त्यांच्या आजीच्या डोक्यावर रुमाल होता, आपल्या आजीच्या अंगावर नऊवारी. त्यांचा दोष नाही. आपल्या आजीला कुणी पुस्तकात बसवलं नाही, एवढंच.

आता निवडीकडे. या पुस्तकांचे मी मनाशी दोन ढीग करते. एका ढिगात विधी समजावणारी पुस्तकं. आठव्या दिवशी काय करतात, लग्नातला मांडव, हुप्पा, म्हणजे काय, धर्मवचनांची डबी, मेझुझा, दाराला कुठे लावतात. त्यांतली माहिती बरोबर असते, चित्रंही हसरी असतात आणि मूल तिसऱ्या पानावर उठून जातं. दुसऱ्या ढिगात ती, ज्यांत प्रसंग मोठ्यांचा असतो पण गोष्ट लहानाची. तुम्हाला दुसरा ढीग हवा. दुकानात पुस्तक हातात आलं की एकच गोष्ट बघा: या प्रसंगात लहान मुलाच्या हाताला काही काम आहे का? नसेल तर ते पुस्तक मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहून खाली लहान मुलाचं चित्र काढलेलं आहे.

सुंतेचंच घ्या, कारण तुमच्याकडे तीच घटका जवळ आलीय (मुलगा झाला तर, मुलीचं पुढे सांगते). बाळाच्या आठव्या दिवशी तुमची लेक सिनेगॉगमध्ये उभी असेल तेव्हा तिला काय दिसेल? मोठ्या माणसांच्या पाठी. पँटी आणि पदर. मधेच बाळाचं रडणं, आणि लगेच सगळे हसून एकमेकांना शुभेच्छा देतायत. साडेचार वर्षांच्या डोक्यात काय येईल? माझ्या भावाला काहीतरी केलं, तो रडला आणि हे हसतायत. या क्षणावरून गुपचूप उडी मारणारं पुस्तक मी कधीच सुचवत नाही. बाळ रडतं असं लिहा. थोडं दुखतं, मग आईजवळ दिलं की शांत होतं, असंही लिहा. सुरी काढायची काही गरज नाही. पण रडणारं तोंड हवं, आणि त्याच्या ओठाला लागलेला गोड थेंबही हवा. इंग्रजी पुस्तकात तो वाइनचा असतो. आपल्याकडे पूर्वापार मनुका भिजवून केलेल्या सरबताचा असतो, तो तुमच्या लेकीला नक्की ओळखू येईल, कारण शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, किद्दुशला (पेल्यावरच्या प्रार्थनेला) तिने तेच प्यायलेलं असणार.

आणि एलियाहूची खुर्ची! सुंतेच्या वेळी एक खुर्ची एलियाहू हन्नाबीसाठी, म्हणजे एलिया संदेष्ट्यासाठी, राखलेली असते. त्या खुर्चीसाठी अख्खं पुस्तक लिहावं इतकी ती मुलांची आहे. मोठ्यांना तिचं काही वाटत नाही, मुलांना मात्र सगळ्यात आधी तीच दिसते: एवढी गर्दी, बसायला जागा नाही, आणि चांगली सजवलेली खुर्ची रिकामी. मग प्रश्न सुरू. कुणाची? कधी येणार? आला का? मला का दिसत नाही? आपल्या घरात तर हा पाहुणा परका नाही. भिंतीवर अग्नीच्या रथातून वर जाणाऱ्या एलियाहूची तसबीर असते, गोड पोह्यांचा मलिदा त्याच्या नावाने होतो, पेसाहला, इजिप्तमधून सुटकेच्या सणाला, त्याच्यासाठी पेला भरतात, शब्बाथ संपला की त्याचंच गाणं म्हणतात. अलिबागजवळ खंडाळ्याला कातळावरच्या खुणा त्याच्या रथाच्या आहेत असं आजी सांगायची आणि वर्षातून एकदा तिथे घेऊन जायची. अमेरिकेतल्या मुलाला एलियाहूची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागते. आपल्या मुलाला तो आधीच ठाऊक असतो, पुस्तकाने फक्त त्याला खुर्ची द्यायची.

मुलगी झाली तर? कपाटातल्या पुस्तकांत मुलग्यांचेच प्रसंग भरपूर सापडतील, कारण शेकडो वर्षं मुलीसाठी मोठा विधी फारसा नव्हताच. बारा वर्षांच्या मुलीची बात मिझवा, म्हणजे धर्माच्या दृष्टीने ती मोठी झाल्याचा सोहळा, आज सर्रास दिसते, पण अमेरिकेत सिनेगॉगमधली पहिली जाहीर बात मिझवा १९२२ ची, न्यूयॉर्कची. मुलीच्या नामकरणाची नवी पुस्तकं आता तिकडे निघतात आणि त्यांत घरोघरी वेगवेगळं काय करतात ते दाखवतात, चांगली असतात. पण या बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत असं मी थोड्या अभिमानाने म्हणते. पाळणा, फुलं, बायकांची गाणी, कानात नाव, ओल्या हरभऱ्याची उसळ. बारशाला मुलीचं कौतुक करायला आपल्या आज्यांना कुणाची परवानगी लागली नाही. हे चित्रात यायला हवं, आणि लाजत कोपऱ्यात नको, मधल्या जोडपानावर पसरून यायला हवं.

'विधी नको, वस्तू हवी' हे मी चित्रकारांना इतक्यांदा सांगते की ते माझी नक्कल करतात. ते शिकले एका पुस्तकाकडून. पॅट्रिशिया पोलाको यांचं 'द कीपिंग क्विल्ट', १९८८ चं. रशियातून अमेरिकेला आलेल्या मुलीचा झगा आणि डोक्याचा रुमाल आखूड होतात, मग त्यांच्या आणि घरातल्या इतरांच्या जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची एक गोधडी शिवली जाते. ती पुढे शब्बाथला टेबलावर पसरते, लग्नात हुप्पा म्हणून डोक्यावर धरली जाते, जन्मलेलं बाळ तिच्यात गुंडाळतात, म्हातारपणी कुणाच्या तरी मांडीवर असते. पिढ्या बदलतात, पुरुषांच्या दाढ्या जातात, गोधडी तीच. आणि कमाल चित्रांची: माणसं सगळी पेन्सिलीच्या करड्या रंगात, रंग फक्त गोधडीला. मुलाला कुणी सांगावं लागत नाही की कुठे बघायचं. एकेका पानावर जन्म, लग्न, मरण येऊन जातं आणि मूल फक्त गोधडी शोधत असतं. शोधता शोधता त्याला कळतं की आपल्या आधीही इथे कुणी होतं.

दुसरं, सिम्स टॅबॅक यांचं 'जोसेफ हॅड अ लिटल ओव्हरकोट'. याला अमेरिकेतलं चित्रपुस्तकांचं कॅल्डेकॉट पदक मिळालं, २००० सालचं. पूर्व युरोपी ज्यूंच्या यिडिश भाषेतल्या एका गाण्यावरचं. कोट जुना होतो म्हणून त्याचं जाकीट, जाकिटाची बंडी, असं करत करत शेवटी बटण, आणि तेही हरवतं. पानांना भोकं पाडलेली आहेत, पान उलटलं की कपडा लहान झालेला. यात प्रसंग वेगळे सांगितलेले नाहीत, पण जोसेफ बंडी घालून पुतण्याच्या लग्नात नाचतो वगैरे आहे. माझ्या अनुभवात चार वर्षांखालच्यांना हे आधी द्यावं, गोधडीचं नंतर.

ही दोन पुस्तकं घ्याच असं म्हणते, बर्फ असला तरी. तुमच्या लेकीला गोधडी म्हणजे काय हे समजावायची वेळ येणार नाही.

मरणाबद्दल मात्र मला थांबून बोलायचंय, कारण तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि सासऱ्यांना जाऊन वर्षच झालंय.

मरणावरची ज्यू चित्रपुस्तकं बरीच आहेत आणि त्यांत रडवणारीही बरीच. मुलांना रडवणं सोपं असतं. मला त्यातल्या त्यात आवडतं ते एक असं, ज्यात कुणी मरतच नाही. मिरियम रोथ यांचं हिब्रू पुस्तक, १९७४ चं, 'पाच फुग्यांची गोष्ट' असं त्याचं नाव मराठीत होईल. चित्रं ओरा एयाल यांची. इस्रायलमध्ये वाढलेल्या कुणालाही विचारा, तुमच्या नणंदेच्या मुलांना तोंडपाठ असेल. आई पाच मुलांना पाच रंगांचे फुगे देते. एकेक फुगा फुटत जातो, प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि प्रत्येक वेळी मुलाला सांगितलं जातं की रडू नकोस, दुसरा आणू. प्रत्येक फुग्याचा शेवट हाच. शेवटी उरलेला लाल फुगा वाऱ्यावर वर वर जातो आणि सगळी मुलं त्याला निरोप देतात. तिथल्या बालवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या ते वाचून दाखवतात. जाणं म्हणजे काय याचा पहिला धडा अडीच वर्षांच्या मुलाला फुग्यातून मिळून जातो. नणंदेला सांगून मागवा. हिब्रू येत नसेल तर ओळी मराठीत तुम्हीच म्हणा, चित्रं पुरेशी बोलतात.

आजोबांबद्दल मात्र फुगा चालणार नाही. त्यासाठी वेगळं लागेल, आणि ते बहुधा तुम्हालाच करावं लागेल, कारण तुमच्या लेकीचे प्रश्न अमेरिकेतल्या मुलांचे नाहीत. तिच्या शेजारच्या घरी आजी वारल्या तेव्हा स्मशानात नेऊन अग्नी दिला. आपले आजोबा मातीत. का? पाऊस पडला की भिजतील? ठाण्याच्या कुठल्याही ज्यू घरात हा प्रश्न आलेला असतो. उत्तर सरळ द्यावं: माणूस मातीतून आला असं आपण मानतो, म्हणून मातीतच परत ठेवतो, त्यांना आता पाऊस, थंडी, भूक काही लागत नाही. "झोपलेत" म्हणू नका. एका मुलाला असं सांगितल्यावर तो महिनाभर रात्री झोपायला घाबरत होता, हे मी जवळून पाहिलंय. "देवाघरी गेले" हे तुमच्या-माझ्या तोंडात सहज येतं, पण चार वर्षांचं मूल लगेच विचारतं, कधी येणार, आणि मग आपणच अडकतो.

या प्रसंगात मुलाला घाबरवणाऱ्या दोन गोष्टी चित्रात जरूर घ्या. एक, फाडलेला सदरा. बाबांनी शर्टाची कड मुद्दाम फाडली हे मुलाने पाहिलेलं असतं. घरात कपडा फाडल्यावर त्याला स्वतःला ओरडा बसलेला असतो, इथे मात्र कुणी काही म्हणत नाही. "बाबांना आतून जे झालंय ते बाहेर दिसावं म्हणून" एवढं एक वाक्य त्या पानाखाली पुरे. दुसरी, सात दिवस मोठी माणसं जमिनीवर बसलेली. नेहमी वर बसणारे बाबा आता मुलाच्या उंचीवर आलेत. हे चित्र कुठल्याही मजकुराशिवाय सुंदर होतं; एका चित्रकार मुलीने मला ते काढून दाखवलं तेव्हा मी खालच्या चारही ओळी काढून टाकल्या.

आणि मुलाच्या हाताला काम? ते इथेही आहे. कबरीवर दगड ठेवणं. फुलं मोठ्यांनी विकत आणायची असतात, दगड मुलाला स्वतः शोधता येतो. वर्षाच्या दिवशी सासऱ्यांच्या कबरीवर जाल तेव्हा लेकीला आदल्या दिवशी येऊरच्या पायथ्याशी नाहीतर खाडीकाठी दगड शोधायला न्या. कोणता दगड आजोबांना आवडेल हे ती ठरवेल. पुस्तक तिथेच सुरू करा, दगड शोधण्यापासून.

लग्नावर मी थोडक्यात आटोपते, कारण लग्नाची चित्रपुस्तकं मुलांना आपोआप आवडतात, त्यात फुलं आणि खाणं असतं. इंग्रजी पुस्तकांत हुप्पा बहुधा बागेत, आपल्याकडे लग्न बहुतेक सिनेगॉगमध्ये. एक चित्र मात्र आपल्याशिवाय कुणी काढणार नाही: पांढऱ्या साडीतली नवरी दारातून येते आणि नवरा तिच्याकडे बघत तिला हिब्रूत गाणं म्हणतो, तिला पारव्याची उपमा देत. बहुतेक नवऱ्यांचा आवाज कापतो, सूर भलतीकडे जातो आणि मागे बसलेले मामा खुदखुदतात. आदल्या रात्रीची मेंदी, मेंदीने लाल झालेलं नवरदेवाचं बोट. काढा हो कुणीतरी.

मराठीत काय आहे, असंही तुम्ही विचाराल. आजच्या अर्थाने ज्याला चित्रपुस्तक म्हणतात तसं, आपल्या घरातल्या प्रसंगावरचं, माझ्या हाती आलेलं नाही; असतं तर हे पत्र चार ओळींचं झालं असतं. पण आपली चित्रं कुणी काढलीच नाहीत असं मात्र नाही. पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी अर्थासह मुंबईत १८४६ मध्ये छापली गेली, आणि १८७४ ला पुण्यात छापलेल्या हग्गादेत चित्रं आहेत: साडी नेसलेल्या आपल्या बायका मात्सा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची रोटी, तयार करतायत, लाटतायत, भाजतायत. दीडशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की मिसरातून सुटकेच्या गोष्टीत कोकणच्या बायका दिसायला हव्यात. हग्गादा तशी मुलांसाठीच असते, धाकट्याने प्रश्न विचारायचे आणि थोरांनी उत्तरं द्यायची, म्हणून मी तिला आपलं पहिलं चित्रपुस्तक म्हणते. त्या पानाची प्रत मिळाली तर लेकीला दाखवा. तिच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

(सासूबाई किंवा आणखी कुणी म्हणतील, आपल्यात माणसांची चित्रं चालतात का? ही शंका जुनी आहे. १३०० च्या सुमारास जर्मनीत एक हग्गादा रंगवली गेली, तिच्यातल्या माणसांना चक्क पक्ष्यांची डोकी आहेत. ती आता जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. पण १५२६ च्या प्राग हग्गादेत माणसांना माणसांचीच तोंडं आहेत. वाद कधीच मिटलाय म्हणा, किंवा पक्षी काढा, मुलांना तेही आवडतील.)

आता घरी करायचं पुस्तक. ए-फोरचे आठ कागद घ्या, मधोमध दुमडा, घडीवर दोन टाचण्या मारा: बत्तीस पानं झाली. छापील चित्रपुस्तकंही बहुतेक बत्तीस पानांचीच असतात, कारण मोठा कागद घड्या घालून कापला की सोळाच्या पटीत पानं निघतात. पहिली दोन-तीन पानं नावाला आणि अर्पणाला सोडा, शिल्लक राहतात चौदा जोडपानं. एका जोडपानाला एक चित्र आणि फार तर दोन वाक्यं. वाक्य लिहून झालं की त्यातलं जे चित्रात दिसतंय ते खोडा. "आजीने निळी साडी नेसली होती" लिहायचं कारण नाही, साडी निळी रंगवा. नवशिक्यांच्या पुस्तकातला निम्मा मजकूर एवढ्यानेच उडतो.

वस्तू कोणती घ्यायची? गोधडी घेऊ नका, ती त्यांची झाली. मी तुमच्या जागी असते तर मलिद्याचं ताट घेतलं असतं. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, खजूर, केळी, सफरचंद, वर गुलाबाच्या पाकळ्या. आपल्या घरात बाळ आलं तरी मलिदा, मुलाची बार मिझवा झाली तरी मलिदा, लग्न, नवं घर, परदेशातून कुणी सुखरूप परतलं तरी मलिदा. म्हणजे एकच ताट सगळ्या प्रसंगांतून फिरतं आणि तुम्हाला ओढूनताणून काही जोडावं लागत नाही. वर मुलांसाठी त्यात एक कोडंही आहे: खजुराची बेराखा (खाण्याआधी म्हणायची प्रार्थना) झाडाच्या फळाची आणि केळ्याची जमिनीतून उगवणाऱ्या पिकाची, कारण केळ हे झाड मानत नाहीत. तुमची लेक हे ऐकून शाळेत बाईंशी भांडेल. ताट कुणाचं होतं, त्याला पोचा कधी आला, आजोबा गेले त्या आठवड्यात ते फडताळात उपडं पडलं होतं का, हे तुमच्या घरातलंच लिहा. आमच्याकडचं ताट आजीने पेणच्या बाजारातून घेतलेलं पितळी होतं आणि त्याच्या काठावर माझ्या वडिलांचा दात पडला होता. असलं काही तरी हवं. कल्पनेतून सुचत नाही, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागतं. विचाराल तेव्हा सणांची जुनी नावंही विचारून घ्या: नव्याचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा. ही नावं पुस्तकात घातलीत तर ती आणखी एक पिढी टिकतील.

चित्रात चुका होतात त्या ठरावीक जागी होतात. शब्बाथचे दिवे लावताना खिडकीबाहेर चांदण्या काढतात. दिवे सूर्य मावळायच्या आत लावायचे असतात, बाहेर मावळतीचं ऊन हवं, चांदण्या शनिवारी रात्री, शब्बाथ उतरताना. शनिवारच्या बार मिझवेत मामाच्या हातात मोबाइल आणि फोटोचा झगमगाट काढतात. त्या दिवशी सिनेगॉगमध्ये फोटो काढत नाहीत, तो मोबाइल मलिद्याच्या पानावर न्या. हिब्रू अक्षरं शोभेची म्हणून कशीही काढतात आणि तोरेच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, पडद्यावर भलतंच काही लिहिलं जातं.

सगळ्यात मोठी चूक माझ्याच हातून झालेली आहे. एक पुस्तक मराठी-हिब्रू असं दोन्ही बाजूंनी वाचता यावं म्हणून आम्ही हिब्रू आवृत्तीसाठी चित्रं आरशासारखी उलटी फिरवली. कारण साधं होतं: मराठीत गोष्ट डावीकडून उजवीकडे चालते, पोरगं उजवीकडे पळतं, हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं, तिथे त्याने डावीकडे पळायला हवं. दिसायला झकास. छापून आल्यावर सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्या एका हज्जानसाहेबांनी पान उघडलं आणि शांतपणे विचारलं, "मुलगा डावखुरा आहे का?" तेफिलीन, प्रार्थनेच्या वेळची चामड्याची डबी, डाव्या दंडावर बांधायचं, आमच्या चित्रात ते उजव्या दंडावर गेलेलं. पुढच्या पानावर मेझुझा दाराच्या चुकीच्या बाजूला, आणि त्यावरचं 'शिन' अक्षरही उलटं. डावखुरा माणूस तेफिलीन उजव्याच दंडावर बांधतो, त्यामुळे तेवढी एक चूक मी त्या मुलाला डावखुरा ठरवून निभावून नेली. मेझुझाचं काही करता आलं नाही. तेव्हा अश्दोदच्या भाचरांसाठी हिब्रू प्रत करणार असाल तर चित्रं फिरवू नका, नव्याने काढा, किंवा मुळातच चित्रातली माणसं समोर बघणारी ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट. देवाचं हिब्रू नाव पूर्ण लिहू नका. ते लिहिलेलं पुस्तक फाटलं तरी फेकता येत नाही, जपून ठेवून पुढे पुरावं लागतं. आणि लहान मुलांचं पुस्तक फाटणार, त्याच्यावर वरण सांडणार, धाकटं बाळ कोपरा चघळणार. मराठीत 'देव' लिहा, काम होतं.

वाचून दाखवताना एक करा. सुंतेबद्दलचं पुस्तक बाळ यायच्या आधी पाच-सहा वेळा वाचा, आणि बाळ आल्यावर तिने मागितल्याशिवाय काढू नका. तेव्हा ती स्वतः गोष्टीत असेल. "मला का नाही केलं असं?" हा प्रश्न येणारच, "मुलींचं बारसं असतं, तुझं इथे याच खोलीत झालं, हा बघ फोटो" असं सांगा, आणि फोटो खरंच हाताशी ठेवा. बाळाला कावीळ असली तर सुंता पुढे ढकलतात, तेव्हा पुस्तकात 'आठव्या दिवशी' हे शब्द पेन्सिलीने लिहा. मुलं तारखेच्या बाबतीत वकिलासारखी असतात.

बाळाचं नावही पुस्तकात आधी घालू नका. ते त्या दिवशीच सगळ्यांसमोर घेतलं जाईल. शेवटच्या पानावर ताट काढा, शेजारी एलियाहूची खुर्ची, आणि खाली एक ओळ मोकळी सोडा. मुलगा असो की मुलगी, घरी आल्यावर ती ओळ लेकीला भरू द्या. 'ळ' उलटा काढला तरी दुरुस्त करू नका.